चोवीस की अठ्ठावीस? जुन्या बुलेटच्या नव्या मालकांसाठी मार्गदर्शिका

ज्यांनी अलीकडेच जुनी बुलेट घेतली आहे, घरी तिची खरी किंमत अजून सांगितलेली नाही आणि मिस्तरीच्या तोंडून 'कार्बोरेटर बदलाय लागंल' हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकणाऱ्यांना मार्गदर्शनाचा उपयोग नसतो. त्यांना चहा पाजावा.

जुनी बुलेट म्हणजे इथे ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची साडेतीनशे. नेमकं सांगायचं तर ३४६ सीसी. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला ९०. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडातल्या मूळ कंपनीने १९७०च्या सुमारास गाशा गुंडाळला, पण ते मद्रासकरांना कुणी कळवलं नसावं, कारण त्यांनी तेच इंजिन किरकोळ फरकांनी पुढे कित्येक वर्षं बनवत ठेवलं. त्यामुळे कुठल्याही सालचा पार्ट कुठल्याही सालच्या गाडीला जवळजवळ बसतो. पुढे येणारा सगळा खर्च या 'जवळजवळ'पायी झालेला आहे.

साहित्य

चपटा आणि स्टार असे दोन स्क्रूड्रायव्हर, दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना, जुना बनियन, पांढरी चिकटपट्टी आणि जेट ठेवायला स्टीलची एक वाटी. वाटी स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे मनाशी पक्कं करून मगच निवडावी.

सेफ्टी पिन, टाचणी, सुई, तार यातलं काहीही जवळ ठेवू नये. जेट पितळी असतो आणि त्याचं भोक केसाच्या हिशेबात मोजायचं असतं. पिन घातली की कचरा निघतो, पण भोकही वाढतं. म्हणजे शंभर नंबरचा जेट काढायचा आणि कुठलाच नंबर नसलेला जेट परत बसवायचा. आमच्या घरी बायकोच्या बांगडीला दोन-तीन सेफ्टी पिना कायम अडकवलेल्या असतात. पहिल्याच दिवशी तिने एक सोडवून पुढे केली. ''अहो, ही घ्या. कसलं भोक असेल ते मोकळं होईल.'' मी तिला जेटच्या व्यासाचं महत्त्व वीस मिनिटं समजावून सांगितलं. तिने पिन पुन्हा बांगडीला लावली आणि आत गेली.

पायरी पहिली: गाडीला सध्या काय आहे ते पाहा

साडेतीनशेला कंपनी जो कार्बोरेटर द्यायची, तो मिककार्ब, व्हीएम २४. रचना जपानच्या मिकुनीची, बनावट आपल्याकडची. चोवीस हा हवेच्या नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण आरसी बुकात तुमच्याआधी पाच नावं असतील, तर कंपनीने काय दिलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही. जुन्या वाड्यात प्रत्येक पिढी एकेक भिंत घालते, तसं प्रत्येक मालकाने काहीतरी केलेलं असतं. माझ्या गाडीला एकाने इंदोरी सायलेन्सर बसवला होता. दुसऱ्याने एअर फिल्टरचा डबा काढून लाल शंकूसारखा उघडा फिल्टर लावला होता. तिसऱ्याने हँडल इतकं रुंद केलं होतं, की बोळात समोरून म्हैस आली तर माघार मीच घ्यायचो. हँडलचा कार्बोरेटरशी संबंध नाही. सायलेन्सर आणि फिल्टरचा आहे.

कार्बोरेटर म्हणजे फ्लिटचा पंप. ज्यांच्या लहानपणी डासांसाठी घरात तो होता, त्यांना वेगळं सांगायला नको. दांडा ढकलला की हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब घटतो आणि डब्यातलं औषध आपण होऊन वर येऊन फवारलं जातं. बुडापेस्टच्या डोनाट बांकीला ही युक्ती तोंडाने फुलांवर पाणी फवारणारी फूलवाली पाहून सुचली, असं सांगतात; १८९३ साली त्याने आणि यानोश चोंकाने आपल्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. बुलेटमध्ये दांड्याचं काम पिस्टन करतो, फक्त ढकलण्याऐवजी ओढून. आता पुढचा फिल्टर आणि मागचा सायलेन्सर दोन्ही मोकळे केले, की हवा सरळ वाहते. पेट्रोलचा जेट मात्र बंद डब्याच्या हिशेबाने बसवलेला. हवा जास्त, पेट्रोल कमी. मिस्तरी याला 'गाडी कोरडी चालतीय' म्हणतात. इंजिन तापतं, सायलेन्सरमधून बार निघतात, प्लग पांढरा पडतो.

माझा प्लग पांढराच होता. साताऱ्याहून निघालं की आनेवाडीच्या टोलनाक्याच्या आसपास गाडी दोन आचके द्यायची आणि बंद. दुचाकीला टोल नसतो, तरी मी दर रविवारी तिथे थांबत होतो. घाम पुसायचा, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहायचं. असायचं. झाकण लावायचं, अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेशरचा लिव्हर दाबून पिस्टन जरा पुढे सरकवायचा आणि किक मारायची. पहिल्या किकेत सुरू! गाडीची निगा राखण्यात माझ्याकडून कसूर नव्हती. दसऱ्याला टाकीच्या झाकणापासून मडगार्डपर्यंत सगळं क्रोम मी स्वतः पॉलिश चोपडून आरशासारखं केलं होतं.

मिस्तरीने प्लग उन्हात धरून पाहिला. ''पेट्रोल कमी पडतंय, साहेब. कार्बोरेटर बारका हाय.'' यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं, हे मी आजही मानतो.

पायरी दुसरी: पर्याय समजून घ्या

पहिला पर्याय म्हणजे आहे तो चोवीसच ठेवून मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा करणं. यात कुणाला फारसं काही विकता येत नाही, त्यामुळे तो कुणी सुचवत नाही.

दुसरा व्हीएम २८, म्हणजे पाचशेच्या बुलेटचा. चार मिलिमीटरचा तर फरक, असं वाटतं. पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. चोवीसपेक्षा अठ्ठावीसचं तोंड ३६ टक्क्यांनी मोठं असतं. इंजिन मात्र तेच, अठराएक अश्वशक्तीचं. मोठ्या नळीतून कमी वेगाला हवा रेंगाळत जाते, आणि फ्लिटचा दांडा हळू ढकलला तर डास मरत नाहीत. म्हणून अठ्ठावीस लावलेली साडेतीनशे महामार्गावर ऐंशीच्या वेगाला खूश असते आणि पोवई नाक्याच्या गर्दीत गचके देते. आपलं आयुष्य यांपैकी कुठे जास्त जातं, ते प्रामाणिकपणे पाहावं. मी पाहिलं नाही.

तिसरा, नंतरच्या ट्विनस्पार्क इंजिनांबरोबर आलेला २९ मिलिमीटरचा सीव्ही. याच्यात तुमच्या मुठीने नुसती झडप उघडते; आतली स्लाइड वर उचलायची की नाही, ते इंजिनाच्या ओढीवर एक रबरी पडदा ठरवतो. जुन्या कचेरीतला जाणता हेडक्लार्क जसा. तुम्ही कितीही घाई करा, वरून खरी मागणी आल्याशिवाय फाइल हलत नाही. सवारी मऊ होते, पेट्रोलही वाचतं. पण या पडद्याला शिस्तीत येणारी हवा लागते, आणि उघड्या फिल्टरपुढे शिस्त कसली? तो रबरी पडदा फाटला, तर फाइल कायमची तळाशी.

चौथा पीडब्ल्यूके. मूळ रचना केहिनची. स्लाइड गोल नसून चपटी, मूठ पिळताक्षणी जबाब देणारी, शर्यतीच्या गाड्यांसाठी घडलेली. बाजारात त्या नावाने स्वस्तात मिळतात त्या बहुतेक नकला. याचे जेट केहिनच्या पद्धतीचे, म्हणजे वाटीत जमवलेले मिकुनीचे जेट यापुढे शोभेचे.

पाचवा पर्याय देऊ नये, पण देतो. अमल. १९२७ साली इंग्लंडात तीन कार्बोरेटरवाले एक झाले आणि एकत्रीकरणाचा इंग्रजी शब्दच कापून त्याचं नाव केलं; मराठीत त्याचा अर्थ 'निर्मळ' होतो, हा निव्वळ योगायोग. त्यांचा पन्नाशीच्या दशकातला मोनोब्लॉक म्हणजे फ्लोटची वाटी आणि धड एकाच ओतकामात केलेला ऐवज. सुरुवातीच्या बुलेटना अमलच असायचे. वाटीवर पितळेचं एक बटण असतं. गार गाडी सुरू करण्याआधी ते दाबत राहायचं, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत, मग किक. चोकची ही रीत इतकी ओली आणि ज्वालाग्राही आहे, की आज कुणी नव्याने शोधून काढली तर परवानगी मिळणार नाही. धड आणि स्लाइड दोन्ही एकाच नरम धातूची, त्यामुळे वर्षानुवर्षं एकमेकांना घासत दोघंही झिजतात आणि फटीतून चोरटी हवा आत येते. मग स्लो काही केल्या जमत नाही. कार्बोरेटर म्हणून झिजलेला मोनोब्लॉक कुचकामी. पण एकदा हातात घेऊन पाहा. गाडीला न लावता नुसता कपाटात ठेवावा, इतका देखणा असतो. मी ठेवला आहे.

पायरी तिसरी: खरेदी

पुण्याला नाना पेठेत जावं. जुना कार्बोरेटर बरोबर न्यावा, आणि जमल्यास व्हर्नियर. एकाला दोन बोल्टची फ्लँज असते, एकाला रबरी बूट लागतो. बोल्टमधलं अंतर डोळ्याने सारखं दिसतं आणि घरी आल्यावर तीन मिलिमीटरने चुकतं. दुकानदार ''साल कुठलं?'' असं विचारील. कुठलंही सांगा, तो त्याच खोक्यात हात घालील. ''ओरिजिनल आहे का?'' या प्रश्नाला ''ओरिजिनलसारखाच आहे'' हे उत्तर मिळतं. ते प्रामाणिक उत्तर आहे. नवशिक्याची चूक अशी, की तो 'सारखाच' हा शब्द ऐकत नाही.

जेट घेताना एवढं पाहा, की मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या जेटचा नंबर त्यातून किती इंधन वाहतं त्यावरून असतो, आणि गोल डोक्याच्याचा भोकाच्या मापावरून. दोन्हींवर ११० लिहिलेलं असलं तरी दोन्ही एकशेदहा नाहीत. हे मला नंतर कळलं. वाटीत दोन्ही प्रकारचे आहेत.

खरेदी घरात आणण्याच्या अनेक रीती आहेत. माझी म्हणजे भाजीच्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्यांखाली. अठ्ठावीस असा सुखरूप आत आला. पीडब्ल्यूकेच्या वेळी स्वयंपाकघरातून प्रश्न आला, ''मेथीला ऑइलचा वास कसा येतोय हो?'' हल्ली शेतकरी काहीही फवारतात, असं मी सांगितलं.

पायरी चौथी: बसवणे

पेट्रोलचा कॉक बंद करा, जुना काढा, नवा लावा. पॅकिंग नवं घाला. फ्लँजचे बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा. एकीकडे जीव खाऊन पिळलात तर फ्लँज वाकते आणि जी चोरटी हवा टाळायला पॅकिंग घातलं, तीच वाट काढते.

अठ्ठावीस लावल्यावर गाडी आनेवाडीपर्यंत गेलीच नाही. अलीकडे लिंब फाट्यालाच बंद पडली. टाकी फुल्ल केली तर आणखी लवकर. बदल झाला होता हे नक्की. मी झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं, किक मारली. सुरू. ''अजून कोरडीच हाय,'' मिस्तरी प्लग पाहून म्हणाला, ''पीडब्ल्यूके टाका.''

पायरी पाचवी: ट्यूनिंग

मुठीवर चिकटपट्टी लावा आणि पेनाने चार भाग पाडा. कार्बोरेटर एक दिसला तरी आत पाळीवार कामगार आहेत. मूठ नुसती हलवली तोवर पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पाव भागापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेची कापणी. पाव ते पाऊण आतली निमुळती सुई आणि तिची क्लिप. त्यापुढे मेन जेट. गाडी अर्ध्या मुठीवर गचके देत असेल, तर मेन जेट बदलून उपयोग नाही. दुपारपाळीने घोळ घातला म्हणून रात्रपाळीला झापण्यासारखं ते आहे. आपल्याकडे झापतात ते निराळं. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. व्हीएमचा बाजूचा स्क्रू हवेचा आहे. सैल केला की मिश्रण कोरडं होतं. पूर्ण आवळून दीड आटा सोडून सुरुवात करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. मी एका सकाळी जेट, क्लिप आणि स्क्रू तिन्ही एकदम बदलले, गाडी झकास चालली, आणि का ते मला आजतागायत ठाऊक नाही. लिंब फाट्यापर्यंत चालली.

प्लगचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा हवा. काळा काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी.

शिवाय आता पेट्रोल तरी कुठे पेट्रोल राहिलंय? पूर्वी उसाची ट्रॉली पुढे असली की गाडी हळू व्हायची. आता ऊस थेट टाकीत आला आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे जेट तोच ठेवला, तरी मिश्रण आपोआप आठ-नऊ टक्क्यांनी कोरडं. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर जेटमध्ये काय काय साठवून ठेवतं. कारखान्याला ऊस घालणारा माझा एक मावसभाऊ पेट्रोल भरताना 'आमच्याच शेतातलं' म्हणून पंपाकडे कौतुकाने बघतो. त्याच्याकडे डिझेल बोलेरो आहे.

उलट, पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर साडेतेराशे मीटर उंचीवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते आणि मिश्रण ओलं होतं. म्हणजे उसाने कोरडी केलेली बुलेट महाबळेश्वरला नेली की बरीचशी ताळ्यावर येते. हिशेबाने तिला तिथेच ठेवायला हवं, पण तिथे जागा परवडत नाही.

पायरी सहावी: सल्ला घेऊ नका

चहाच्या टपरीवर तीन बुलेटवाले भेटले तर कार्बोरेटरबद्दल चार मतं मिळतात. चौथं चहावाल्याचं, आणि त्यातल्या त्यात तेच ऐकण्यासारखं असतं. आमचा म्हणाला, ''तुमची गाडी बंद पडती का दमती?'' मी हसण्यावारी नेलं.

पायरी शून्य

ही पायरी वरच्या सगळ्या पायऱ्यांच्या आधी करायची आहे. मला ती शेवटी सापडली, म्हणून शेवटी दिली आहे.

बुलेटच्या टाकीतून पेट्रोल कार्बोरेटरमध्ये कुठलाही पंप ढकलत नाही. ते आपल्या वजनाने उतरतं. जेवढं खाली उतरेल तेवढी हवा वरून टाकीत शिरावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. ते बुजलं, तर टाकीत पोकळी वाढत जाते, पेट्रोलची धार बारीक होत होत थांबते, गाडी कोरडी पडते, प्लग पांढरा होतो आणि दहा-पंधरा किलोमीटरवर इंजिन मरतं. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि पहिल्या किकेत सुरू. मोठा कार्बोरेटर जास्त पेट्रोल ओढतो, म्हणून गाडी लवकर बंद पडते. टाकी फुल्ल असेल तर वर हवेला जागाच कमी, म्हणून आणखी लवकर. भोक कशानेही बुजू शकतं. उदाहरणार्थ, दसऱ्याला चोपडलेल्या पॉलिशने.

आता गाडीला पुन्हा चोवीसच आहे, एक नंबर मोठा जेट घालून. पण त्या रविवारी पीडब्ल्यूके होता. आम्ही दोघं वाईला ढोल्या गणपतीला निघालो होतो आणि लिंब फाट्याला गाडी रीतीप्रमाणे थांबली. मी झाकण उघडलं.

''अहो, कुकर उघडल्यासारखं वाजलं,'' बायको म्हणाली.

कार्बोरेटरचा आणि कुकरचा संबंध नाही, असं मी म्हणालो. तिने झाकण माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, उन्हाकडे धरलं. कुकर लावण्याआधी ती शिट्टीचं भोक पाहते, तसंच. मग बांगडीची सेफ्टी पिन काढली, आत घातली, दोनदा फिरवली, वाळलेलं पांढरं काहीतरी टोकावर काढून पदराच्या टोकाला पुसलं आणि झाकणावर फुंकर मारली. पिन पुन्हा बांगडीत.

पुढे गाडी थांबली नाही. आनेवाडीचा नाका मागे पडला तेव्हा मागून आवाज आला, ''इथंच थांबत होता का हो तुम्ही? आणि ते मेथीतलं मग कशाला होतं?''

ऐंशीचा वेग होता आणि इंदोरी सायलेन्सर. मला काही ऐकू आलं नाही.